सुजलेला हात आणि मावशीचं कोमट तेल

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहून मोकळी होते.

माझ्या आईचं डायलिसिस सुरू आहे. त्यासाठी तिच्या मानेत उजव्या बाजूला नळी बसवलीय. परवापासून त्याच बाजूचा हात सुजत होता. मला कळलं आज सकाळी, तेही बांगडी रुतलेली दिसली म्हणून!

तिला भेटायला मुखेडहून नांदेडला आलेली मावशी तोच हात कोमट तेलानं चोळत बसली होती. "वात हाय गं. अजून दोनदा चोळलं की उतरंल."

शेजारणी कौतुकानं बघून राहिल्या होत्या.

आईला तशीच रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं, मावशीही सोबत आली. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "नळीमुळे शिरेत रक्ताची गाठ झालीय. कुणी चोळलं का? ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं."

मावशी पंख्याकडं बघायला लागली.

आता आई ॲडमिट आहे, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालंय. "मला सांगितलं का नाहीस?" विचारलं, तर म्हणते, "अक्का एवढी मायेनं चोळून राहिली, तिला कसं नको म्हणू?"

सांगा, या भिडेवर कुठलं औषध आहे? तुमच्या घरी कुणाला अशी नळी असेल आणि त्या बाजूचा हात किंवा मान सुजली, तर तेल नको, शेक नको, लगेच डॉक्टरला दाखवा.

हे लिहून होतंय तोवर मावशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणतेय, "तुमचाबी हात सुजल्यावानी दिसतोय. आणा जरा इकडं."