अँटेना घेऊ, पण नीट बघून

बहारीनच्या बेटावर आजवर जेवढी माणसं पोट भरायला उतरली, त्यांत माझ्या मावशीच्या यजमानांइतका एकही निर्णय न घेता जगलेला माणूस दुसरा नसेल. लग्नसुद्धा त्यांनी केलं असं म्हणता येत नाही. पत्रिका जुळल्यावर ते "बघू" म्हणाले, आमच्या आजोबांनी तो होकार धरला, आणि काका विचाराला आणखी थोडी मुदत मागणार तेवढ्यात अक्षता पडल्या. नोकरीचंही तेच. मित्राला सोबत म्हणून मुलाखतीला गेले, मित्र नापास झाला आणि हे विमानात बसले. इथे कारखान्यात त्यांना काम मिळालं तेही त्यांच्या प्रकृतीला साजेसंच: तयार मालातला दोष शोधायचा आणि माल परत पाठवायचा. नाही म्हणायला त्यांना कधी जड गेलं नाही. हो म्हणायची वेळ आली की घशाला कोरड पडते. मला अशा माणसांचा मनस्वी राग येतो. कुंपणावर बसणाऱ्यांनीच जगाचं वाटोळं केलं, असं माझं ठाम मत आहे. काका तर कुंपणावरही बसत नाहीत. कुंपण लाकडाचं बरं की तारेचं, याची चौकशी करत उभे राहतात.

नईम वस्तीतल्या त्यांच्या घरात तुम्ही गेलात तर पहिल्यांदा वाटेल, हे लोक कालच राहायला आलेत. भिंतीवर एकही खिळा नाही. गणपतीची तसबीर फ्रिजला टेकून उभी, कॅलेंडर खुर्चीच्या पाठीशी, घड्याळ सोफ्यावर. त्या घड्याळावर एकदा वसईचे एक सद्गृहस्थ बसले, तेव्हापासून ते पुढे धावतं. कारण विचारलं की काका एकच वाक्य बोलतात, "पुढच्या वर्षी परतच जायचंय, उगाच कशाला दुसऱ्याच्या भिंतीला भोकं पाडायची?" हे पुढचं वर्ष माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. त्यांचा मुलगा याच भिंतींत वाढला, शिकला, कॅनडाला गेला, आणि भिंती जशाच्या तशा गुळगुळीत. आखातातल्या आपल्या अर्ध्या लोकांना हा आजार आहे. आयुष्य बॅगेत ठेवायचं आणि बॅग दाराशी. पण इतरांना त्याची निदान लाज वाटते. काकांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं. मासे आणायला गेले तरी हेच. सगळे गाळे फिरून, सगळ्या सुरमयांचे कल्ले उघडून, पहिल्या गाळ्यावर परत येईपर्यंत कोळी हात झटकून म्हणायचा, "खलास, खलास!" मग काका घरी येऊन विजयी मुद्रेने सांगायचे, "आज माल बरा नव्हता."

अशा माणसावर अँटेना निवडायची वेळ आली.

त्यांच्या घरात डिश नव्हती, कारण डिश लावायची तर भिंतीला भोक. गच्चीवर पाण्याच्या टाकीला कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेला लांब काड्यांचा जुना अँटेना होता. वारा सुटला की तो मान वळवायचा, आणि खाली पडद्यावर मुंग्या यायच्या. या मुंग्यांतून मावशी अरबी शिकली. मुलगा शाळेत आणि नवरा शिफ्टला, अशा रिकाम्या दुपारी तिला दुसरं काय होतं? आणि तिच्याबरोबर मुंग्या बघायला खालच्या मजल्यावरून उम्म यूसुफ यायची. उम्म यूसुफ म्हणजे इमारतीची मालकीण, वयस्कर विधवा. तिच्या घरात भलामोठा टीव्ही होता, पण नातवंडं त्याच्यावर सदासर्वकाळ फुटबॉल लावून बसलेली. "वो मेरा घर नहीं, स्टेडियम है," असं आपल्या हिंदीत सांगून ती गुडघे धरत जिना चढायची. रमजानात इफ्तारच्या आधीच्या तासाला एक मालिका लागायची. दरवर्षी नवी. त्या तासाला उपास करणारी उम्म यूसुफ आणि न करणारी मावशी, दोघी पाण्याचा थेंब न घेता बसायच्या. मावशी म्हणायची, "ती तहानलेली असताना मी चहा पिऊ?" आणि काका? काका गच्चीवर अँटेना धरून उभे, फोन कानाला, "आता? आता आलं का?"

जुनं प्रक्षेपण बंद होऊन सगळं डिजिटल होणार, अशी बातमी आली तेव्हा रमजानला बराच अवकाश होता. टीव्ही नवा होता, त्याला चालणार होतं. फक्त लांब काड्यांच्या जागी आखूड काड्यांचा अँटेना हवा होता. कुणीही सरळ माणूस दुकानात जाऊन अर्ध्या तासात तो घेऊन आला असता. काकांनी अभ्यास सुरू केला. आखूड काड्या किती, त्यांतलं अंतर किती, वायर जाड की पातळ, बूस्टर घ्यावा की त्याने उलट बिघडतं. शुक्रवारी मी सनद भागातल्या माझ्या घरून त्यांच्याकडे जेवायला जायची, तेव्हा जेवणाच्या टेबलावर आमटीशेजारी अँटेन्यांच्या चित्रांचे कागद. हमद टाउनला राहणाऱ्या एका सहकाऱ्याने त्यांना सल्ला विचारला, तो काकांचं ऐकून इतका गांजला की टीव्हीच विकून मोकळा झाला.

एकदा मीच त्यांना दुकानांत घेऊन गेले. बाजाराचं नागडं रूप बघायचं असेल तर अँटेन्याच्या दुकानात जावं. एकाच जातीच्या ॲल्युमिनियमच्या काड्या, एकावर काही नाही, दुसऱ्यावर 'डिजिटल' असं चकचकीत स्टिकर, तिसऱ्यावर सोनेरी मुलामा. लहरीला काय कळतं, तिला पकडणारी काडी सोन्याची की पत्र्याची? पण स्टिकर बघून माणूस खिसा उघडतो.

"ये फोर-के वाला है भाईसाब," दुकानदार म्हणाला. "और ये फाइव्ह-जी."

"अँटेन्याला फाइव्ह-जी?" मी भडकले. "काका, ही शुद्ध लूट आहे! डिजिटल अँटेना असा प्रकारच नसतो. काडी ती काडी. हवेतल्या लहरी सगळ्यांच्या मालकीच्या, त्या पकडायला हे लोक—"

"कॉम्रेड," काका डोळे बारीक करून एका काडीचं वेल्डिंग बघत म्हणाले, "क्रांती झाली की कळव. तोवर मला हा सांधा बघू दे."

सांधा त्यांना आवडला नाही. पुढच्या दुकानातला सांधा आवडला, पण क्लॅम्प आवडला नाही. तिसऱ्या दुकानात दोन्ही आवडले, तेव्हा त्यांना संशय आला. "एवढं चांगलं आहे तर अजून विकलं कसं नाही गेलं?" आम्ही रिकाम्या हाताने परतलो. दार उघडताना मावशीने आमच्या हातांकडे बघितलं आणि आत जाऊन भाकरी टाकायला घेतली. "घेऊ गं," काका तिच्या पाठीला उद्देशून म्हणाले, "अँटेना घ्यायचाच आहे. पण नीट बघून."

आणि मग एका सकाळी मुंग्यासुद्धा गेल्या. पडदा नुसता निळा. मला, खरं सांगायचं तर, त्या निळ्या पडद्यात एक प्रकारचा न्याय दिसला. डिजिटल प्रक्षेपण मधलं काही मानत नाही. एकतर चित्र स्वच्छ येतं, नाहीतर येतच नाही. "बघू"वाल्यांना नवं तंत्रज्ञान ओळखत नाही, हे मी काकांना जेवताना सुनावलंही. काकांनी मान हलवली आणि बूस्टरचा विषय काढला.

रमजान लागला. पहिल्या दिवशी उम्म यूसुफ हरीसचं, म्हणजे गहू-मटणाच्या खिमटीचं भांडं घेऊन वर आली, सोफ्यावर तिच्या जागी बसली आणि निळ्या पडद्याकडे बघून म्हणाली, "मफी?" म्हणजे, काहीच नाही?

"मफी," मावशी म्हणाली.

"कल?"

"इंशाल्ला."

फोनवर दाखवायचा प्रयत्न मी केला, पण उम्म यूसुफच्या डोळ्यांना त्यातली माणसं तांदळाएवढी दिसत. दोघी तासभर बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी उम्म यूसुफने नातवाबरोबर हरीसचं भांडं पाठवलं, स्वतः आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. त्या शुक्रवारी मी तिथेच होते. काका यागी जातीच्या अँटेन्याचे गुणदोष सांगत होते, आणि मावशी त्या भांड्यावरचं झाकण पुसत होती. ते आधीच स्वच्छ होतं.

"अहो," ती म्हणाली, "आपला व्हिसा कधी संपतो?"

"आहे की अजून. ईद झाली की मग."

"म्हणजे यंदा खरंच जायचं."

"खरंच म्हणजे? रिटायर झालो, आता कंपनी काय मला लोणचं घालायला ठेवणार?"

"मग हा माझा इथला शेवटचा रमजान." तिचा आवाज चढला नाही. "मुलगा लांब गेला तेव्हाही ती बाई माझ्याशेजारी येऊन बसली. एवढी वर्षं बसली. जाताना मला तिच्याबरोबर एक गोष्ट शेवटपर्यंत बघायची होती. तुम्ही पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत मला इथे राहू दिलं नाहीत. आता निदान नीट जाऊ तरी द्या."

काकांनी कागद गोळा केले. मला वाटलं, आता ते "बघू" म्हणणार, आणि मग मी काय काय बोलणार याची जुळवाजुळवही मी करून ठेवली होती. ते मला म्हणाले, "चल गं."

दुकानात शिरल्यावर त्यांनी समोरच लटकणाऱ्या पहिल्या अँटेन्याकडे बोट केलं. सांधा बघितला नाही. क्लॅम्प बघितला नाही. "सर, इससे अच्छा भी है," दुकानदार बिचारा स्वतःहून म्हणाला. "नहीं चाहिए," काका म्हणाले. परत आल्यावर त्यांनी आधी खालच्या मजल्यावर उम्म यूसुफचं दार वाजवलं आणि हाताने ड्रिलची खूण करून गच्चीच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी मागितली. एवढ्या वर्षांत तिच्या या भाडेकरूने पहिल्यांदा काही मागितलं होतं. "यल्ला," ती म्हणाली, "दस होल करो!"

ड्रिल शेजाऱ्याचं. भिंतीतून पांढरी भुकटी उडाली तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले, जणू भोक भिंतीला नव्हे, त्यांनाच पडत होतं. मी अर्थातच म्हणाले, "काका, परत जायच्या तोंडावर हे सुचलं!" ते म्हणाले, "बोल्ट धर."

अँटेना पक्का बसला. काकांनी फोन लावला. "आता? आलं का?" कुणी बोलेना. त्यांनी अँटेना जरासा फिरवला. "आता?" खालून नुसते कुणाचे तरी हुंदके आणि लाटांचा आवाज. शेवटी मी जिना उतरून गेले. पडद्यावर मोती काढणाऱ्या नावा, किनाऱ्यावर रडणारी एक बाई, आणि सोफ्यावर तिच्याहून जास्त रडणाऱ्या दोघी. फोन उशीवर उताणा पडलेला. त्यातून काका ओरडतच होते.

मी वर जाऊन सांगितलं, "आलं. केव्हाच आलं."

"मुंग्या?"

"डिजिटलला मुंग्या नसतात, काका."

"मग किती वाईट येतंय ते कळायचं कसं?" ते कासावीस झाले, पण हात काही अँटेन्यावरून काढेनात. मी त्यांना सांगितलं की तो बोल्टने बसवलाय, धरायची गरज नाही. ही गोष्ट त्यांना पटायला थोडा वेळ लागला. मग एकेक बोट सोडवत त्यांनी हात काढला, अँटेना पडत नाही हे बघितलं, आणि माझ्यामागोमाग खाली आले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या माणसाने इतक्या रमजानांत मालिकेचं एक दृश्यसुद्धा बघितलेलं नाही. या तासाला ते नेहमी वर असायचे. दारातच चपला काढून ते घोटाळत उभे राहिले, सोफ्यावर बसावं की खुर्चीवर, हे ठरेना. उम्म यूसुफने न बघताच पदर आवरल्यासारखा आपला अबाया ओढून घेतला आणि जागा केली. काका टोकावर टेकले. थोड्या वेळाने मावशीकडे झुकून, पडद्यावरच्या बाईकडे बोट करत त्यांनी हळूच विचारलं, "ही का रडतेय?"

मी वाट बघत होते की मावशी त्यांना झिडकारेल. गोष्ट ऐन रंगात होती, ईदला ती संपणार होती, आणि त्यानंतर या घरातलं सगळंच. पण मावशीने पडद्यावरची नजर काढली, त्यांच्याकडे वळून बसली, आणि मराठीत, पहिल्यापासून सांगायला लागली.