गजूनं माझी गोष्ट दुरुस्त केली

गेल्या रविवारी सकाळच्या एसटीनं अमरावतीहून अकोटला गेलो... गजूला भेटायला. जाताना मनात जरा धाकधूक होती.

गजू म्हणजे नौदलातला माझा जोडीदार. आमचं जहाज लढाईचं नव्हतं, रसद पुरवणारं होतं. भर समुद्रात दुसऱ्या जहाजांच्या बाजूनं चालत त्यांना डिझेल, पाणी, रेशन द्यायचं. बाकीचे आम्हाला तरंगतं किराणा दुकान म्हणायचे... आणि त्या दुकानात वऱ्हाडातले आम्ही दोघंच! कुणाला कळू नये असं काही बोलायचं असलं की आमची वऱ्हाडी सुरू व्हायची.

चार महिन्यांपूर्वी गजूला लकव्याचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण बोलणं अडकलं. डॉक्टर म्हणतात, सराव केला तर शब्द परत येतील. पण एकेक शब्द काढायला वेळ लागतो, त्याची याला लाज वाटते... म्हणून तोंडच उघडत नाही, सगळं खुणांवर.

वहिनींनी हे फोनवर सांगितलं. "भाऊजी, तुमी तरी येऊन पाहा," म्हणाल्या.

गजू ओसरीवरच बसला होता. मला पाहून हसला, हात घट्ट धरला... बोलला काहीच नाही. मग मीच दोघांच्या वाटचं बोलत सुटलो. गप्प बसलो असतो तर रडलोच असतो.

वहिनी आणि सूनबाई ऐकत होत्या, म्हणून मी आमच्या पहिल्या सफरीची गोष्ट काढली. समुद्र खवळलेला, गजूला बोट लागलेली, तीन दिवस बादली कुशीत घेऊन पडलेला... आणि मी माझी ड्युटी करून त्याचीही केली, साहेबांना पत्ता लागू दिला नाही. सूनबाईला हसू आवरेना.

गजूचा चेहरा लाल झाला. त्यानं माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"मी... नाई," तो म्हणाला. मग माझ्याकडे बोट दाखवून, "हा... ओकत... होता."

मग वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि हसता हसताच रडायला. गजूला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यानं तीन बोटं वर केली. "तीन... दिवस."

खरं सांगतो, त्याला बोलतं करायला मी मुद्दाम काही केलं नव्हतं. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं अशीच सांगत आलोय... लग्नांत, गेट-टुगेदरला. सांगता सांगता मलाच ती खरी वाटायला लागली होती. बादली माझी होती. माझ्याही वाटचे दोर ओढून तळहात सोलले होते ते गजूचे. तेव्हा मी काही म्हणायला गेलो की तो म्हणायचा, "तुले काय करायचं? पडून राह्य."

मी सगळ्यांसमोर कबुली दिली. पण गजूनं सोडलं नाही, मला पहिल्यापासून गोष्ट नीट सांगायला लावली. जिथं मी जरा हात राखून सांगितलं, तिथं "नाई" म्हणून अडवलं. संध्याकाळच्या बसपर्यंत त्याचे सतरा शब्द झाले... वहिनी बोटांवर मोजत होत्या.

माझ्यासाठी केलेलं त्यानं इतक्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. रविवारी दाखवलं... आणि ते ऐकून मला झाला तेवढा आनंद क्वचितच कधी झाला असेल.