गुग्गुळाला पाणी

माझी पोस्टिंग राजस्थानात, बाडमेरच्या सीमेवर. तुकडीतल्या तिथल्याच एका जोडीदारानं मला त्याच्या घरामागच्या गुग्गुळाच्या दोन फांद्या कापून दिल्या. कापलेल्या सालीला धुपाचा वास. सुट्टीवर निघालो तर रेल्वेच्या अख्ख्या डब्यात देवघराचा दरवळ सुटला.

आमचं गाव रहिमतपूरजवळ, सगळा ऊस. पाटाचं पाणी आलं की सरी तुडुंब भरल्याशिवाय आमच्या माणसांना झोप लागत नाही. मी एक फांदी अंगणात लावली, दुसरी पत्र्याच्या डब्यात. आईला बजावलं, "ह्यास्नी पानी घालायचं न्हाई. पाऊस सरला की पानं झडत्यात, नुसतं काटं दिसत्यात. पर ते मेलेलं नसतंय." आईनं मान डोलावली. ती मान मी लहानपणापासून ओळखतो, तरी फसलो.

पुढच्या सुट्टीत येऊन बघतो तर अंगणातला गुग्गुळ बुडाशी कुजलेला.

"पानी घातलंस?"

"न्हाई रं! भांडी धुतल्यालं तेवढं वतलं."

शिवाय गल्लीतल्या बायकाही येता-जाता तांब्या रिता करायच्या. बिचारं वाळलंय म्हणून! माझं डोकंच फिरलं. आता डब्यातला एकटा उरला होता आणि तो मला काही झालं तरी जगवायचा होता. सीमेवर पहारा देणारा गडी मी, सुट्टीत घराच्या पायरीवर डब्याला पहारा देत बसलो.

सकाळी आई आलीच, तांब्या पदराआड.

"आये, वाळवंटातलं झाड हाय ते. त्याला लय पानी सोसत न्हाई."

"तू बी तितंच ऱ्हातूस न्हवं? तुला तांब्याभर पानी द्यायला मला येता येतंय का? मग ह्याला तरी देऊ दे की."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्याच दिवशी मी अंगणात मुरूम, वाळू आणि विटांच्या तुकड्यांचा उंच ढीग रचला. माथ्यावर गुग्गुळ लावला, पायथ्याला कढीपत्ता. वरून कितीही ओता, पाणी झिरपत खाली कढीपत्त्यालाच जातं. आईला यातलं काही सांगितलं नाही.

गुग्गुळ आता कंबरेएवढा झालाय. कढीपत्ता तर छपराला लागलाय, सगळी गल्ली त्याच्यावर फोडणी देते.

रोज फोनवर आई सांगते, "आज बी पाजलं रं."

मी म्हणतो, "पोचलं, आये."