रिकामा पाय

दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला, समीरच्या विमानाचं डावं इंजिन बंद पडलं. विमान कलंडलं आणि पडलं. समीर, माझा नवरा, गेला.

मी कॉलेजात शिकवते. दूरचं आपोआप कळतं, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... जे झालं ते लिहिते.

समीर दोन इंजिनांचं छोटं विमान चालवायचा. रविवारी चहा झाला की गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर बसायचा आणि तळव्यांना तळवे लावून मला समोर बसवायचा. एक इंजिन गेलं की विमान त्या बाजूला वळतं. ते सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूचा पाय दाबून धरावा लागतो. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलं. घाईत माणसं बिघडलेलं सोडून चांगलंच इंजिन बंद करतात, म्हणून हा सराव. मी एका पायाने ढकलायचे, तो समोरून दाबून धरायचा आणि आपला रिकामा पाय कोणता ते मोठ्याने सांगायचा.

“जोर लाव की गं. हे काय इंजिन आहे?”

“सकाळपासून पोळ्या लाटतंय ते. तुझी इंजिनं लाटतात का?”

“बिल्कुल नाही. म्हणून तर थकत नाहीत.”

त्या मंगळवारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. एकाएकी माझा उजवा पाय टेबलाखालच्या दांडीवर ताठ दाबला गेला. काढता येईना. डावा नुसता पडून. मी मोठ्याने म्हणाले, “डावं.”

शेजारच्या मॅडम म्हणाल्या, “क्या हुआ?” मी घड्याळ पाहिलं – साडेनऊ. मग पाय सुटला. फोन अकराला आला.

तेराव्याला समीरचा एक सहकारी सासूबाईंसमोरच म्हणाला, “भाभी, घबराहट में गलत इंजन बंद हो जाता है.” त्यानंतर सासूबाई रोज विचारायच्या, “त्याच्या हातून चूक झाली का गं?”

“नाही, आई. डावं गेलं होतं, त्याने डावंच बंद केलं.”

कोणतं इंजिन गेलं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आधार काय, ते मी सांगू शकत नव्हते.

वर्षाने चौकशीचा अहवाल आला. डावं बिघडलं होतं, समीरने डावंच बंद केलं होतं. विमान सावरायला उंची पुरली नाही. तेवढा भाग मी आईंना दोनदा वाचून दाखवला.

त्या सकाळी ‘डावं’ हे त्याने मला सांगितलं, का मी त्याला... मला अजून कळलेलं नाही.

आई आता माझ्याकडेच राहतात. तो प्रश्न त्या विचारत नाहीत.