आईची वेणी आणि माझा खांदा

माझा उजवा खांदा धरला तेव्हा खरं अडलं ते आईच्या वेणीपाशी. स्वयंपाक डाव्या हाताने रेटता येतो. स्कूटर घरी ठेवून रिक्षावाल्यांची बोलणी खाता येतात. पण कसबा पेठेत भावाकडे राहणारी माझी आई! वय पंच्याऐंशीच्या पुढे, केस अजून कमरेपर्यंत आणि तोरा त्याहून लांब. दर गुरुवारी मी कर्वेनगरहून जायचे, तिला न्हाऊ घालायचे, वेणी घालून अंबाडा बांधून द्यायचे. दुसऱ्या कुणाला ती डोक्याला हात लावू देत नाही. "सुनेचा हात जड आहे," हे तिचं ठरलेलं.

खांद्याचं तिला सांगितलंच नाही. उगाच जिवाला घोर. "आज घाई आहे गं," म्हणून नुसता चहा पिऊन परत यायचे. शेवटी वहिनीचा फोन आला. "ताई, केसांचा पार गुंता झालाय. मला हात लावू देत नाहीत. कापून टाकूया का? त्यांनाही हलकं वाटेल."

वहिनी मनाने चांगली आहे, पण कापलेल्या केसांचं दुःख मला माहीत होतं. मी चौथीत असताना आईने माझ्या लांबसडक वेण्या कापून बॉबकट केला होता. डोक्यात उवा झाल्यात म्हणाली. मी कित्येक दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. "कात्री लावू नकोस, माझं नाव सांगून नुसतं तेल लावत राहा. मी येतेच," असं वहिनीला सांगितलं खरं, पण येणार कशी? हात कानापर्यंतही जात नव्हता.

आमच्या ह्यांनी सोसायटीतल्या यच्चयावत लोकांची तेलं चोळून पाहिली. मग डॉक्टर गाठले, फ्रोझन शोल्डर हे नाव कळलं आणि फिजिओथेरपी सुरू झाली. ती देणारी यवतमाळकडची मुलगी, माझ्या लेकीहून लहान. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काकू, या हाताने तुम्हाला काय करायचं आहे?"

"हाताने जे करतात ते," मी फटकन म्हटलं.

"तसं नाही जी. एक काम सांगा."

"आईची वेणी घालायचीये," म्हटलं आणि चक्क रडायलाच लागले. ती हसली नाही. उठली, स्वतःची ओढणी खुर्चीच्या पाठीला बांधली आणि म्हणाली, "हे घ्या आईचे केस." तेव्हापासून व्यायाम संपला की मी त्या ओढणीची वेणी घालायचे. आधी ओढणी खाली बांधून, मग जरा वर, मग आणखी वर.

घरी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि पोचेल तिथे पेन्सिलने खूण करायची होती. आता मी पडले पुण्याची. खूण म्हणजे मार्कच की! रोज कालच्यापेक्षा वर गेलीच पाहिजे. मी खुणांचा फोटो मोठ्या ऐटीत तिला दाखवला. तिने शांतपणे मला भिंतीपाशी उभं केलं. "काकू, टाचा उचलून राहिल्या ना तुम्ही? हात वर जायला पाहिजे, तुम्ही नाही." अशी काही ओशाळले! त्या दिवसापासून टाचा टेकवून, दात-ओठ खात, खरी खूण करायला लागले. कितीतरी दिवस ती जागची हलेना. मी चिडायचे, तिच्यावर खेकसायचे. ती खांदा शेकत म्हणायची, "होते काकू, होते." त्या पोरीच्या धीराने मला तारलं, दुसरं काही नाही.

एका बुधवारी ती म्हणाली, "जा, घाला उद्या वेणी. तुम्ही उंच बसा, आईंना खाली बसवा. आणि दुखलं की थांबायचं."

आईला बुटक्या स्टुलावर बसवून मी मागे खुर्चीत बसले. तेलाने गुंता मऊ झाला होता. बट बट सोडवत वेणी घातली. जमली! माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण आई पाठमोरी होती म्हणून बरं.

"वाकडी झालीय," आई म्हणाली. आणि वर, "खांदा धरलाय ना तुझा?"

"तुला कसं कळलं?"

"कंगव्याबरोबर अख्खी वळत होतीस. मीही तशीच वळायचे. तू चौथीत होतीस तेव्हा."

"म्हणजे उवा..."

"कसल्या उवा! हात वर जाईना माझा. तुझ्या वेण्या घालणार कोण? तेव्हा कुठे होतं कुणी व्यायाम करून घेणारं! कापले, आणि मोरीत जाऊन रडले."

मी वाकडी वेणी सोडली आणि पहिल्यापासून पुन्हा घालायला घेतली. खांदा ठणकत होता. दुखलं की थांबायचं, असं पोरीने बजावलं होतं. त्या दिवशी मी तिचं ऐकलं नाही.