आईनं काढलेली बेसबॉलची सरासरी

पेनरोजला आमच्या कंपनीत मी कोल्ड स्टोरेजची डिझाइन्स करते. तिथल्या एका अमेरिकन सहकाऱ्यानं एका वर्षी ऑफिसात फँटसी बेसबॉलची लीग काढली. न्यूझीलंडमध्ये बेसबॉल बघणारी माणसं शोधावी लागतात, त्यामुळे त्याचे दहा संघ काही भरेनात. नववा संघ रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईंनी घेतला आणि दहावा माझ्या गळ्यात पडला.

“तुम्हा क्रिकेटवाल्यांना आकडे आवडतात. जमेल तुला,” तो म्हणाला.

खेळ तसा साधा होता. अमेरिकेतले खरे खेळाडू आम्ही दहा जणांनी आपसांत वाटून घ्यायचे. ते तिकडे खेळणार, आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज आमच्या नावावर लागणार. होमरन, धावा, चोरलेले बेस (म्हणजे पिचरची नजर चुकवून पळत गाठलेले), पिचरनं, म्हणजे तिकडच्या गोलंदाजानं, बाद केलेले फलंदाज, असे एकूण दहा प्रकार. प्रत्येक प्रकारात दहाही संघांचा क्रमांक लागायचा. पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक, आणि बरोबरी झाली तर गुण निम्मे निम्मे वाटून. मी क्रिकेट डोक्यात ठेवून उंच टोले मारणारे दिसतील तेवढे उचलले. मे महिना उजाडला तेव्हा मी दहांत आठवी होते.

त्याच वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे पापाकुराला आली होती. पुण्यात तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं. इथं आल्यावर पहिले पंधरा दिवस तिनं माझी कपाटं लावली, मग शेजाऱ्यांच्या लिंबांचं लोणचं घातलं, आणि मग तिला करायला काही उरलं नाही. एका रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन कपाळाला हात लावून बसले होते.

“काय गं, नोकरीवर काही झालं का?”

“नाही गं. माझा संघ अगदीच भिकार निघालाय.”

मी तिला सगळं समजावलं. बेस चोरतात म्हटल्यावर ती थांबली. “चोरीचेसुद्धा मार्क?” मग खुर्ची ओढून म्हणाली, “संघ भिकार म्हणजे नेमका कशात? सगळ्या विषयांत कोणी नापास होत नसतं. निकालपत्रक दाखव.”

मी पहिल्या नंबरच्या संघाचे आकडे माझ्या शेजारी मांडून दाखवले. तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला.

“पहिल्या नंबराशी तुलना करून कोणाचं भलं झालंय? आधी वर्गाची सरासरी काढू.”

माझ्या लेकीच्या गणिताच्या वहीतली चौकटीची पानं घेऊन आईनं दहा रकाने आखले. प्रत्येक प्रकारात दहाही संघांची सरासरी काढली, आणि आम्ही तिच्या किती वर किंवा खाली ते लाल पेननं लिहिलं. तासाभरात चित्र स्पष्ट झालं. होमरनमध्ये आम्ही सरासरीच्या इतके वर होतो की दुसऱ्या क्रमांकाचा संघ वीस होमरननी मागे होता.

“हे वीस काय कामाचे?” आई म्हणाली. “एकनं जिंकलीस तरी दहाच गुण आणि वीसनं जिंकलीस तरी दहाच. आणि इकडे चोऱ्यांमध्ये बघ, शेवटून पहिली. पण पिचरांत मात्र तू हुशार आहेस हो. एका डावात दिलेल्या धावा, सगळ्यांत जास्त!”

माझी दहा वर्षांची लेक मागून वाकून बघत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. “आजी, दॅट्स बॅकवर्ड्स!” ती ओरडली आणि हसत सोफ्यावर पडली. धावा कमी दिल्या तर चांगलं, हे सांगायचं मी विसरले होते. आईनं निमूटपणे तो रकाना खोडला आणि नव्यानं मांडला.

चोरलेल्या बेसमध्ये सरासरी अडतीस होती आणि आमचे सत्तावीस. दरी मोठी होती. रिसेप्शनवाल्या बाईंकडे वेगवान पळणाऱ्यांची फौजच होती, म्हणून सोमवारी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यात वेगवान खेळाडू देते, पण बदल्यात तुझा तो मिशीवाला हवा. मिशीवाला म्हणजे माझा सगळ्यात मोठा टोलेबाज. अमेरिकेतले संध्याकाळचे सामने आमच्याकडे दुपारी चालू असतात. मी ऑफिसात असताना आई घरी त्याचे टोले बघायची. टोला मारल्यावर तो दोन्ही हात जोडायचा, ते तिला फार आवडलं होतं.

“त्याला देऊ नकोस,” ती म्हणाली.

“आई, आकडे बघ असं तूच म्हणालीस ना?”

ती उठली. चौकटीचा कागद घेऊन खोलीत गेली. मला वाटलं, रुसली.

दुसऱ्या दिवशी मी पापाकुरा स्टेशनवरून घरी पोचले तर ती दारातच कागद घेऊन उभी. “अगं, माझं चुकलंच होतं. एका मुलीला शंभरपैकी शंभर असले की अख्खा वर्ग हुशार वाटतो. तुमच्या रिसेप्शनवालीच्या शहाण्णव चोऱ्या आहेत. तिला बाजूला काढ आणि बाकी नऊ जणांची सरासरी काढ. बत्तीस! आणि आपल्या वर चार संघ अठ्ठावीस ते एकतीसमध्ये दाटीवाटीनं बसलेत. पाच चोऱ्या जास्त झाल्या की चौघांना मागे टाकशील. त्यासाठी सगळ्यात वेगवान कशाला लागतोय? साधा पळणारा पुरे.”

मी बूट न काढताच ते आकडे तपासले. बरोबर होते. मग मिशीवाल्याऐवजी मी दुसरा एक मध्यम टोलेबाज देऊ केला आणि बदल्यात एक साधा, बिनचेहऱ्याचा पळणारा मागितला. रिसेप्शनवाल्या बाईंना होमरनची गरज होतीच. “स्वीट अ‍ॅज,” म्हणून त्यांनी लगेच होकार दिला. संध्याकाळी आईला सांगितलं तर तिनं मुद्दाम काही दाखवलं नाही, पण चहात आलं जास्त पडलं होतं.

पुढचे महिने दर रविवारी नवा कागद निघायचा. शनिवारी आम्ही सँडरिंगहॅमला किराणा आणायला जायचो, तेव्हाही गाडीत तिची तोंडी बेरीज चाललेली. जूनच्या अखेरीस आम्ही सहावे होतो, ऑगस्टमध्ये चौथे. कधी एखादा रकाना घसरायचा, मग ती म्हणायची, “घसरू दे. सरासरीला धरून आहे, पुरे. सगळीकडे पहिलं यायला कशाला पाहिजे?” मी शाळेत असताना हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

“तेव्हा मी शिकवत होते,” ती म्हणाली. “आता मजा करतेय.”

शेवटच्या दिवसाचे सामने आमच्या सोमवारी सकाळी होते. मी ऑफिसात, आई आणि लेक घरी, शाळेला सुट्टी. अकराच्या सुमारास लेकीचा फोन आला. “मम, वी आर थर्ड!” मागून आईचा आवाज: “अर्ध्या गुणानं गं! अर्ध्या!” पहिला आला गोदामातला फोरमन. बेसबॉलबद्दल तो वर्षभर एक अक्षर बोलला नव्हता. अमेरिकन सहकारी दुसरा.

त्यानं शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांना चहाला बोलावलं आणि आईलाही घेऊन ये म्हणाला. आई सिल्कची साडी नेसून, वर माझं जाड जॅकेट घालून, डबाभर चकल्या घेऊन आली. दारातच त्यानं “किया ओरा” असं माओरीत स्वागत करून तिच्यासमोर आपल्या संघाचे आकडे ठेवले. तिनं चष्मा लावला आणि शिक्षिकेच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत, त्याला सांगितलं की संघ अभ्यासू आहे, पण विकेट घेणारे कमी पडतात. बेसबॉलमध्ये विकेट नसते, हे सांगायला कोणी पुढे आलं नाही. फोरमन एकामागून एक चकल्या खात होता. त्यानं डब्याकडे बोट दाखवून कृती विचारली, आणि आई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.