शिट्टी वाजली की खाली

बजाजनगरात आमच्या शेजारी एक काका राहतात. कारखान्यातून निवृत्त झाले, पण तिथली आगीची कवायत त्यांनी घरी आणली. गळ्यात कायम शिट्टी, अंघोळीलासुद्धा ती उतरत नाही. दर रविवारी ती वाजली की काकूंनी गॅस बंद करायचा, सुनेनं विम्याचे कागद आणि अडीअडचणीचे पैसे ठेवलेली निळी पिशवी उचलायची, आणि सगळ्यांनी खाली कडुलिंबापाशी जमायचं. काका तिथं घड्याळ धरून उभे. "दीड मिनिट? लई उशीर! संकट काय चिठ्ठी धाडून येतंय व्हय?"

गेल्या मंगळवारी शिट्टी वाजली. कुठून वाजते हे न बघता मंडळी धडाधडा खाली पळाली. शिट्टी थांबेना, म्हणून मी उघड्या दारातून आत गेलो. टॉवेल गुंडाळलेले काका मोरीत घसरून बसले होते. घोटा टम्म सुजलेला.

"समदे खाली पोचले?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"पोचले. मिनिटाच्या आत."

"पिशवी?"

"सूनबाईच्या हातात."

काकांचा चेहरा असा खुलला, की मलाच हसू आवरेना.

"झ्याक!" ते म्हणाले. "आता वर बोलवा त्यांना. दवाखान्यात न्यायचं माणूस वरच ऱ्हायलंय."